घरात मायनर लावताय? आधी वायर बघा, मग बिल

गेल्या अंकात घरच्या वायरिंगवर लिहिलं होतं, तर त्यावर जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीचे निघाले, की बिटकॉइनचं मशीन (मायनर, म्हणजे रात्रंदिवस गणितं सोडवून बिटकॉइन मिळवणारा कॉम्प्युटर) घरी लावायचंय, काय करू. म्हणून या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकतो. प्रश्न सगळे आपल्या नागपुरातले, आले तसेच घेतलेत, फक्त लांबण कापली आणि नावं काढली.

प्रश्न: भाऊ, मी मानेवाड्याले राहतो. ओळखीतून एक अँटमायनर एस१९ मिळून राहिला आहे, ९५ टेराहॅश ताकदीचा (टेराहॅश म्हणजे गणितं सोडवायच्या वेगाचं माप), वापरलेला. वरच्या मजल्यावर खोली रिकामी आहे तिथं लावायचा विचार करून राहिलो. यूट्यूबवर अमेरिकेतले लोक सांगतात की २४० व्होल्टची वेगळी लाइन ओढा, कपडे वाळवायच्या मशीनचा सॉकेट वापरा. तर मले थ्री फेज घ्यावं लागन का? खोलीत गिझरसाठी काढलेला एक १६ अँपिअरचा पॉइंट आहे, त्याच्यावर चालन का?

उत्तर: पहिले तो अमेरिकेचा घोळ मिटवून टाकू. त्यांच्याकडे घरातला साधा सॉकेट १२० व्होल्टचा असतो आणि एस१९ ला २०० ते २४० लागतात, म्हणून त्यांना वेगळी लाइन ओढावी लागते. आपल्याकडे देवघरातल्या दिव्याचा पॉइंटसुद्धा २३० व्होल्टचाच आहे. त्यामुळे व्होल्टेजसाठी तुम्हाला काहीच करायचं नाही, आणि एका मशीनसाठी थ्री फेजही लागत नाही. आपला प्रश्न अँपिअरचा आहे.

एस१९ खातो ३२५० वॅट. २३० नी भागा, १४ अँपिअर आले. आता तुम्ही म्हणाल १६ चा पॉइंट आहे, १४ घेतो, झालं की. नाही झालं. गिझर वीस मिनिटं चालतो आणि कटतो, वायर आणि सॉकेट तेवढ्यात थोडे गरम होतात आणि परत थंड होतात. मायनर रात्रंदिवस चालतो, रविवारी पण आणि दिवाळीत पण, त्याला सुट्टी नाही. सतत चालणारा लोड असला की सॉकेटच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या वर जायचं नाही असा हिशोब धरतात, म्हणजे १६ वर साधारण १३ अँपिअर. तुम्ही त्याच्या वर जाताय, तेही जुन्या पॉइंटवर, ज्याचे स्क्रू घर बांधलं तेव्हा आवळले असतील ते आवळलेले.

नंदनवनात एका घरी असाच पॉइंट उघडून पाहिला होता. बाहेरून प्लेट पांढरी स्वच्छ. आत न्यूट्रलच्या स्क्रूखाली तांब्याच्या सात तारांपैकी तीनच धरलेल्या, बाकीच्या बाजूला वाकून काळ्या पडलेल्या, आणि वायरचं प्लास्टिक बोटभर मागपर्यंत कडक होऊन सोलपटासारखं निघत होतं. जळका वास घरच्यांना येत होता पण त्यांना वाटायचं बाहेर कोणी कचरा जाळतंय. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडला नाही, आणि पडणारही नव्हता, कारण करंट जास्त नव्हताच, जोड ढिला होता. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, ढिल्या जोडाची आग एमसीबीला दिसत नाही.

तर करायचं असं. मीटरजवळच्या डीबीपासून, म्हणजे एमसीबींच्या डब्यापासून, थेट खोलीपर्यंत फक्त या मशीनसाठी नवीन वायर, तांब्याची, ४ स्क्वेअर एमएम, मध्ये कुठेही जोड न देता. डीबीत तिच्यासाठी वेगळा २० अँपिअरचा सी टाइप एमसीबी. खोलीत साधा स्विच-सॉकेट नको, एसीसाठी लावतात तो मेटलचा बॉक्स घ्या, २० किंवा २५ अँपिअरचा. आणि उद्या एमसीबी पडायला लागला तर इलेक्ट्रिशियनचं पोरगं सांगेल की काका ३२ चा टाकून देऊ, त्याला चहा पाजून परत पाठवा. एमसीबी मशीन वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला की वायरला वाचवणारं कोणी उरत नाही.

आता एक बारीक गोष्ट, जी व्हिडिओत कोणी सांगत नाही कारण त्यांच्याकडे ती अडचण नाही. एस१९ च्या पॉवर सप्लायला मागे दोन केबल लागतात, कॉम्प्युटरला असते तसल्या तोंडाच्या. लोक घरातल्या जुन्या मॉनिटरच्या दोन केबल काढून लावतात. त्या केबलच्या दुसऱ्या टोकाला ६ अँपिअरचा प्लग असतो आणि आत वायर अगदी बारीक. तुमच्या प्रत्येक केबलमधून ७ अँपिअर जाणार. म्हणजे पहिल्या तासापासूनच ओव्हरलोड. १.५ स्क्वेअर एमएमच्या जाड केबल १६ च्या प्लगसह बनवून घ्या, इतवारीत इलेक्ट्रिकलच्या कुठल्याही बऱ्या दुकानात बनवून देतात. आणि दोन्ही केबल एका एक्स्टेंशन बोर्डात घालायचा विचार असेल तर मशीनच घेऊ नका.

अर्थिंग तपासल्याशिवाय चालू करायचं नाही. मीटर लावून बघा, फेज ते अर्थ जवळपास २३० यायला पाहिजे आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. अर्थ नसेल तर मशीनच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, कारण पॉवर सप्लायमधला फिल्टर थोडा करंट अर्थला सोडतच असतो, आणि अर्थ नसला की तो पत्र्यावर बसून राहतो. नागपुरात जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा ठाक होतो, त्यात पाणी घालायचं काम घरातल्या कोणाला तरी नेमून द्या.

सगळं जोडलं की पहिल्या दिवशी एका तासानं प्लगला हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट चालेल. हात मागे घ्यावासा वाटला तर बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

हे सगळं केलं तरी मशीन घ्यायचं का, ते पुढचं पत्र वाचून ठरवा.

प्रश्न: नमस्कार. आम्ही प्रतापनगरला राहतो. मुलगा नोकरी सांभाळून हे मायनिंगचं मशीन घेतो म्हणतो, महिन्याला बसल्या बसल्या पैसे येतील म्हणे. मला त्यातलं काही कळत नाही. मला दोनच गोष्टी सांगा, बिल किती येईल आणि पोलिस-बिलिस घरी येणार नाहीत ना? त्याचा आवाज पण फार असतो असं शेजारच्या मुलानं सांगितलं.

उत्तर: काकू, तुम्ही विचारलेलं बरं झालं, कारण मुलं वॅट बघतात आणि युनिट बघत नाहीत. मशीन कोणतं ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून वरच्या पत्रातलंच धरतो. ३२५० वॅट गुणिले २४ तास, दिवसाला ७८ युनिट. महिन्याला २३४० युनिट. तुमचं घरचं बिल किती युनिटचं येतं ते बघा, उन्हाळ्यात एसी धरून तीनशे-चारशे असेल. हे २३४० त्याच्या डोक्यावर बसणार.

आणि आपल्याकडे महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत, पहिले १०० युनिट स्वस्त, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, आणि ५०० च्या वर सगळ्यात महाग. खालचे टप्पे तुमचे पंखे आणि फ्रिज आधीच खाऊन टाकतात, म्हणून मशीनचे जवळपास सगळे युनिट वरच्या टप्प्यात पडतात. तिथं वीज आकार, वहन आकार आणि वरून १६ टक्के वीज शुल्क धरलं की युनिटला पंधरा रुपयांच्या पुढेच जातं. पंधराच धरा, म्हणजे दिवसाला ११७० रुपये, महिन्याला ३५ हजार. दर बदलत असतात, तुमच्या ताज्या बिलाच्या मागे छापलेत ते बघून मुलाकडूनच गुणाकार करून घ्या, मी सांगण्यापेक्षा त्याचं त्यालाच दिसलेलं चांगलं.

आता येणार किती. बिटकॉइनमध्ये साधारण दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा, निघतो, दिवसाला १४४. एप्रिल २०२४ मध्ये बक्षीस अर्धं झालं, आता एका ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन मिळतात, म्हणजे अख्ख्या जगात मिळून दिवसाला ४५०. ते जगातल्या सगळ्या मशीनांमध्ये त्यांच्या ताकदीप्रमाणे वाटले जातात. जगाची एकूण ताकद २०२५ मध्ये एक झेटाहॅशला जाऊन पोचली, म्हणजे शंभर कोटी टेराहॅश. त्यात तुमच्या मुलाचे ९५. गणित केलं तर दिवसाला ०.००००४३ बिटकॉइन. हिशोबापुरता एका बिटकॉइनचा भाव ८० लाख धरला तर ३४० रुपयांच्या आसपास. ११७० द्यायचे आणि ३४० घ्यायचे. भाव एक कोटी धरा, ४३० होतील. युनिट साडेचार रुपयांच्या आत मिळालं तरच बिल निघतं, आणि त्या भावाच्या जवळ घरगुती वीज गेलीच तर फक्त पहिल्या टप्प्यात जाते, जो तुमच्या फ्रिजनं संपवलाय.

भाव चढला की पुढे फायदा होईल असं मुलगा म्हणेल. म्हणू द्या. भाव चढला की जगात आणखी मशीनं लागतात, आणि दर २०१६ ब्लॉकनी, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, नेटवर्क स्वतःच अवघडपणा वाढवून घेतं. भाव वाढेल अशी एवढी खात्री असेल तर त्या ३५ हजारांचे थेट बिटकॉइनच घे म्हणावं, आवाज तरी होणार नाही. घे असा सल्ला देत नाहीये, नुसती तुलना करतोय.

पोलिसांचं म्हणाल तर मायनिंगवर आपल्याकडे वेगळी बंदी नाही. भीती दुसरीकडे आहे. घरगुती कनेक्शनवर धंद्यासारखा वापर केला किंवा मंजूर भारापेक्षा जास्त ओढला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरू शकतो आणि आकारणी त्या प्रकारच्या दराच्या दुप्पट होते. मंजूर भार बिलावर लिहिलेला असतो, बऱ्याच घरांचा दोन-तीन किलोवॅटच असतो, तो या एका मशीननं संपतो. त्यामुळे काहीही करायच्या आधी महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज आणि वापर कशासाठी ते खरं सांगणं, हे दोन्ही आलं.

टॅक्सही आहेच. २०२२ पासून क्रिप्टोच्या कमाईवर सरळ ३० टक्के, वरून सेस. विकताना १ टक्का टीडीएस. आणि मायनिंगच्या मशीनचा खर्च त्यातून वजा करता येत नाही, हे सरकारनं मार्च २०२२ मध्येच संसदेत सांगितलंय. म्हणजे बिल तुम्ही भरायचं, तोटा तुमचा, आणि विकून जे हातात आलं त्यावर टॅक्स.

आवाज ७५ डेसिबलच्या घरात, मिक्सर चालू आहे आणि कोणी बंदच करत नाही असं समजा. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ आहे. शेजारच्या मुलानं बरोबर सांगितलं.

प्रश्न: सर, वाडीला माझं टिनाचं शेड आहे, कमर्शियल कनेक्शन आहे, तीन मशीन लावली आहेत. थंडीत मस्त चालली पण एप्रिल लागला की दुपारी आपोआप बंद पडून राहिली. मोठा कूलर समोर लावला तर चालेल का? की एसीच बसवू? काही जण म्हणतात कूलरच्या ओलीनं बोर्ड सडतो.

उत्तर: तुम्ही धंदा म्हणून करताय आणि कनेक्शन त्याप्रमाणे घेतलंय, त्यामुळे बिलाचं भाषण तुम्हाला देत नाही, ते तुम्ही दर महिन्याला वाचताच.

एसीचा विचार आधी काढून टाका. मशीन जेवढी वीज खातं तेवढीच सगळी उष्णता बनून बाहेर पडते, त्यातला एक वॅटही बिटकॉइनमध्ये जात नाही. एस१९ सारखं एक मशीन धरलं तर जवळजवळ एक टनाच्या एसीचं पूर्ण काम एकटं खातं. तीन मशीनांना तीन टन, वरून टिनाची उष्णता वेगळी. एसीचं बिल मशीनांच्या कमाईला गिळून टाकेल.

कंपनीनं आत जाणाऱ्या हवेची मर्यादा ४० डिग्री दिलेली असते. नागपुरात मेमध्ये सावलीत ४५ होतं आणि टिनाखाली किती होतं ते तुम्हाला माहितीच आहे. पण आपलं नशीब असं की इथला उन्हाळा कोरडा आहे. कोरड्या हवेत कूलर झकास काम करतो, बाहेर ४४ असताना आत १०-१२ डिग्री सहज उतरवतो. आणि जुलैत दमट झालं की कूलर निकामी होतो खरा, पण तेव्हा बाहेरच तीस-बत्तीस असतं, कूलर लागतच नाही. मुंबईवाल्याला हे जमणार नाही, आपल्याला जमतं.

ओलीचं जे ऐकलंय ते अर्धं खरं आहे. दमट हवेनं बोर्ड सडत नाही, थेंबानं सडतो. वाडीला बोअरचं पाणी असेल तर कूलरच्या जाळीवर पांढरा क्षार चढलेला बघा, तोच क्षार बारीक तुषारांबरोबर उडून हॅशबोर्डवर (मशीनच्या आतल्या चिप्सच्या पाटीवर) बसतो, आणि ओला क्षार म्हणजे वीज वाहायला वाट. म्हणून कूलर मशीनच्या तोंडाला लावायचा नाही. कूलर एका भिंतीला, मशीन समोरच्या भिंतीला, मध्ये सात-आठ फूट, आणि कूलरचा पंप मशीनच्या आधी वीस मिनिटं चालू करून जाळी पूर्ण भिजू द्या, अर्धी भिजलेली जाळी तुषार जास्त सोडते असं माझं निरीक्षण आहे. टाकी आठवड्याला पूर्ण रिकामी करा.

पण कूलरपेक्षाही मोठी गोष्ट तुमच्या शेडमध्ये दुसरी असणार, मी न बघता सांगतो. मशीनच्या मागून निघालेली गरम हवा परत फिरून पुढच्या पंख्यात जात असेल. दहापैकी आठ ठिकाणी हेच असतं. भिंतीत मशीनच्या मागच्या तोंडाएवढे चौकोन पाडा, मशीन त्यांना टेकवा, कडेची फट प्लायनं आणि फोमच्या पट्टीनं बंद करा, म्हणजे गरम हवा थेट बाहेर जाईल आणि आत फक्त कूलरची हवा उरेल. बाहेरून जाळी आणि वर पत्र्याची झडप, पावसासाठी आणि कबुतरांसाठी. एवढं केलं की कूलर छोटा घेतला तरी भागतं.

तरीही मेअखेरच्या नवतपात दुपारी १२ ते ५ लो पॉवर मोडवर टाका किंवा सरळ बंद ठेवा. बंद पडून पडून चालू होणं चिप्सना जास्त वाईट.

धूळ. सिमेंट रोडची कामं चालू असली की महिन्याला ब्लोअर मारावाच लागतो. मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर पंखा उलट वीज तयार करून कंट्रोल बोर्डात सोडतो. आणि तीन मशीन थ्री फेजवर वाटलेली असतील तर न्यूट्रलचा जोड दर दोन महिन्यांनी आवळून घ्या, न्यूट्रल तुटला की एखाद्या मशीनवर २३० च्या जागी चारशेच्या जवळ जाऊ शकतात, आणि मग ते मशीन रिपेअरवाल्याकडे सुद्धा न्यायच्या लायकीचं राहत नाही.

प्रश्न: इंजिनीअरिंगच्या थर्ड इयरला आहे. मोठ्या भावानं २०२१ मध्ये सहा ग्राफिक कार्डची रिग बनवली होती, ती तशीच धूळ खात पडलीये. परत चालू करावी म्हणतोय. दोन पॉवर सप्लाय आहेत पण त्यांच्या केबल हरवल्यात, मित्राकडे दुसऱ्या कंपनीच्या आहेत, तोंड सेम आहे. रायझरला साटाची केबल लावली तर चालते ना?

उत्तर: थांब. मित्राची केबल लावू नकोस. मॉड्युलर पॉवर सप्लायच्या केबलचं कार्डाकडचं तोंड सगळीकडे सारखं असतं, पण पॉवर सप्लायकडच्या टोकाला कुठल्या पिनवर १२ व्होल्ट आणि कुठे ग्राउंड हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचंही वेगळं. तोंड बसतं, टिक आवाज येतो, आणि स्विच दाबला की कार्ड जातं. त्याच मॉडेलच्या केबल मागव नाहीतर पॉवर सप्लायच बदल.

रायझरला (कार्ड मदरबोर्डपासून लांब लावायची जोडपट्टी) साटा पण नाही. साटाच्या कनेक्टरमधून १२ व्होल्टवर ५४ वॅटच्या वर घ्यायचे नसतात आणि रायझर ७५ पर्यंत ओढू शकतो. त्या छोट्या काळ्या कनेक्टरचं प्लास्टिक वितळून पिनांवर ओघळलेलं असतं, जळालेल्या रिगचे फोटो पाहशील तर निम्मे तेच असतात. ६ पिनचा रायझर घे आणि एका केबलवर दोनच्या वर रायझर टाकू नको. ज्या पॉवर सप्लायवर कार्ड, त्याच सप्लायवर त्याचा रायझर, असं जोडायचं, एक या सप्लायवर आणि दुसरा त्या सप्लायवर असं नाही.

पण मला मुळात हे विचारायचंय की चालू करून काढणार काय? भावाच्या वेळी इथेरियम, बिटकॉइनसारखंच दुसरं कॉइन, निघायचं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं मायनिंगच बंद केलं, प्रूफ ऑफ स्टेकवर (मायनिंग न लागणारी पद्धत) गेलं, आणि जगातली सगळी कार्डं एका दिवसात रिकामी झाली. ती मग उरलेल्या छोट्या कॉइनांवर तुटून पडली. आता सहा कार्डं मिळून ७००-८०० वॅट खातील, महिन्याला साडेपाचशे युनिट, आणि मिळणारे पैसे बापाला दाखवण्यासारखे नसतील. कार्डं साफ कर, थर्मल पेस्ट बदल, चार विकून टाक, दोन ठेव, थ्रीडी आणि मशीन लर्निंगचे प्रोजेक्ट कर. फायनल इयरला कामात येईल.

प्रश्न: निवृत्त आहे, बेसा भागात घर आहे. छतावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलंय, नेट मीटरिंग आहे, पीएम सूर्यघरची ७८ हजारांची सबसिडी मिळाली. हिवाळ्यात युनिट शिल्लक पडतात. नातू म्हणतो आजोबा त्याच्यावर जुना अँटमायनर एस९ चालवू, वीज फुकटच आहे. चालवावा का?

उत्तर: काका, नातू हुशार आहे पण फुकट या शब्दावर घसरला. तुमचं ३ किलोवॅट सरासरी दिवसाला १२ युनिट देतं. एस९ खातो १३५० वॅट, पूर्ण दिवस चालवला तर ३२ युनिट, म्हणजे सोलरच्या अडीचपट, उरलेले महावितरणकडून विकत. फक्त दुपारचे पाच तास चालवला तर पावणेसात युनिट. त्याबदल्यात, वर काकूंना दाखवलं तेच गणित १३.५ टेराहॅशला लावलं तर, दिवसाला दहा रुपये. तेच पावणेसात युनिट मीटरमध्ये जमा राहिले तर पुढच्या महिन्यांच्या बिलातले युनिट कापतात. नेट मीटरिंगची शिल्लक मार्चअखेरपर्यंत पुढे जात राहते, ते तुमचं बचत खातं आहे, नातवाला सांगा.

आणि सगळं सोलरवरच चालवायचं कोणी म्हणत असेल तर एका एस१९ ला जवळपास २० किलोवॅट लागेल, छत दोन हजार स्क्वेअर फूट. बेशात प्लॉट मोठे आहेत तरी एवढे नाहीत.

नातवाला शिकायची हौस असेल तर मात्र एस९ वाईट नाही, मी मोडता घालत नाही. जुना आहे, भंगाराच्या भावात मिळतो, उघडून बघता येतो. आत तीन हॅशबोर्ड, प्रत्येकाला ६ पिनची तीन तोंडं आणि कंट्रोल बोर्डाला एक, एकूण दहा. एका बोर्डाची तिन्ही तोंडं एकाच पॉवर सप्लायवरून द्यायची, वाटून द्यायची नाहीत. दोन सप्लाय असतील तर कंट्रोल बोर्डवाला सगळ्यात शेवटी चालू करायचा. वायफाय नसतं, लॅन केबलच लागते, इंटरनेट मात्र नगण्य खातं, घरचं साधं ब्रॉडबँड पुरे. आणि आत शिरायचा पासवर्ड कंपनीकडून रूट-रूट असतो, तो पहिल्या पाच मिनिटांत बदला. वापरलेल्या मशीनमध्ये आधीच्या मालकाचा पूल (मिळून मायनिंग करून कमाई वाटून घेणारा गट) भरलेला असतो, तो पुसला नाही तर वीज तुमची आणि कमाई त्याची. रविवारी दोन तास चालवा, आवाज ऐका, बंद करा.

प्रश्न: इन्व्हर्टरवर मायनर चालेल का? लाइट गेली की मायनिंग थांबतं. (सक्करदरा)

उत्तर: नाही. घरचा ९०० व्हीएचा इन्व्हर्टर एस९ सुद्धा उचलणार नाही, आणि मोठा आणला तरी १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात, तासाभरात बॅटरी खाली आणि वर्षभरात भंगार. लाइट गेली तर जाऊ द्या, मशीन बंद पडतं, आली की आपोआप चालू होऊन पूलला जोडलं जातं, गमावण्यासारखा डेटा आत काही नसतो. त्यापेक्षा पैसे डीबीतल्या सर्ज प्रोटेक्टरवर घाला, जूनच्या पहिल्या वादळात जी वीज कडाडते तिनं मशीनं जास्त मरतात.

प्रश्न: बिटॲक्स नावाचं छोटं बोर्ड पाहिलं, हातात मावेल एवढं. १५-२० वॅट खातं म्हणे. हे तरी घरी लावण्यासारखं आहे का? की हेही फसवंच? धरमपेठ.

उत्तर: हे लावा. या सगळ्या पत्रांत मी मनापासून हो म्हणतोय ते एवढंच, तेही पैशासाठी नाही. बिटॲक्स गॅमा १.२ टेराहॅश देतं आणि १७ वॅटच्या आसपास खातं, महिन्याला १२-१३ युनिट, म्हणजे बिलात दोनशे रुपये. डिझाइन उघडं आहे, कोणीही बनवू शकतं, चिप मोठ्या मशीनमधलीच. वायफायवर चालतं, छोट्या स्क्रीनवर आकडे दिसतात, पंख्याचा आवाज टेबलावर सहन होईल एवढाच.

लोक हे सोलो लावतात, म्हणजे पूलमध्ये वाटून न घेता अख्खा ब्लॉक आपल्यालाच लागावा या आशेनं. लागला तर ३.१२५ बिटकॉइन. शक्यता काढायची तर आजच्या ताकदीला सरासरी सोळा हजार वर्षांत एकदा. तुम्ही लॉटरीचं तिकीट काढत असाल तर हे त्यातलंच आणखी एक समजा, फक्त याच्यात काहीतरी शिकायला मिळतं. हॅश म्हणजे काय, पूल कसा बोलतो, तापमान वाढलं की चुका कशा वाढतात, हे सगळं स्वतःच्या टेबलावर दिसतं.

दोन गोष्टी सांभाळा. गॅमाला ५ व्होल्ट लागतात आणि अ‍ॅडॉप्टर ५-६ अँपिअरचा पाहिजे, मोबाईल चार्जरला कन्व्हर्टर पिन लावून चालत नाही. घरात राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर पडलेला असतो आणि त्याची पिन याच्यात बरोबर बसते, ती बसली म्हणून लावली तर बोर्ड गेलं. म्हणून ५ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर लाल टेप गुंडाळा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. दुसरं, एप्रिल ते जून ते बंद खोलीत किंवा टीव्हीच्या कपाटात ठेवू नका, कूलरच्या खोलीत एका कडेला उघड्यावर ठेवा, आणि चिपचं तापमान ६५ च्या वर जायला लागलं की सेटिंगमध्ये जाऊन फ्रिक्वेन्सी एक पायरी खाली आणा.